आईनं आवाज खाली आणला

"बाई, हिला सांगा, ते पुस्तक मोबाईल वाचून दाखवणार नाही. कुलूप आहे त्याला."

भोरच्या ग्रंथालयातले ग्रंथपाल हे माझ्या आईला सांगत होते. मी आईशेजारी टेबलाला हात लावून उभी होते. मला दिसत नाही. ऐकू येतं.

"ती हितंच हाय, सायेब. तिलाच सांगा की," आई म्हणाली.

ते पुन्हा आईशीच बोलले. "दिसत नाही तर इतिहासाच्या भानगडीत कशाला पडायचं? पेटी शिकवा हिला. कार्यक्रम मिळतील."

मागं कोणीतरी हसलं. मीही हसले. निघताना "थँक्यू सर" म्हणाले. तेही घडलं, म्हणून लिहिते.

मी इतिहासात एम.ए. केलं आहे. प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा दोन महिन्यांवर होती. माझा मोबाईल पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. बातम्या, निरोप, विजेचं बिल. ग्रंथालयानं दिलेलं हे डिजिटल पुस्तक मात्र नाही. प्रकाशकानं त्याची नक्कल, छपाई आणि मोठ्यानं वाचणं, तिन्ही बंद केलं होतं. पान उलटलं की मोबाईल म्हणायचा, "पान." पुढचं उलटलं. "पान."

छापील प्रत एकच होती, ग्रंथालयाच्या कपाटात. ती घरी नेता येत नव्हती. तिचे फोटो काढू द्या, फोटोतली अक्षरं मोबाईल ओळखतो, एवढंच मी मागितलं होतं.

"फोटो म्हणजे कॉपी. कॉपी म्हणजे चोरी." हेही त्यांनी आईलाच सांगितलं.

आई चौथी शिकलेली. हिर्डोशीला घरी रोज संध्याकाळी, शेतातून आल्यावर, ती मोबाईलवरचं ते पुस्तक मला वाचून दाखवू लागली. "सर... देश... मुखी. म्हंजी काय गं?" मी सांगायचे. ती पुढं जायची. मी ब्रेलमध्ये टिपून घ्यायचे.

आई काही गाळत नसे. प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव, माझा सभासद क्रमांक आणि एक ओळ होती. 'या प्रतीची नक्कल करणे हा गुन्हा आहे.' आई तेही वाचायची. मीही टिपायचे. पानामागून पान, विचार न करता.

सहाव्या दिवशी ती ओळ आली आणि आई थांबली. उठली. दार लावून आली. मग अगदी हळू आवाजात वाचू लागली.

"मोठ्यानं वाच ना."

"नगं. भाईर कुणी ऐकलं तर?"

"ऐकलं तर काय?"

"गुन्हा लिवलाय. वर तुजं नाव बी लिवलंय."

माझी आई एका बांधावरून चौथ्या बांधावर हाक मारते. ती स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीला, चोरून वाचत होती. मला रडू आलं नाही. मी मोबाईल बंद करायला सांगितला.

मग मी कॉपीराइटचा कायदा शोधला. त्याला कुलूप नव्हतं. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, पुस्तकाची प्रत करता येते, असं त्यात लिहिलं आहे. ते कलम मी तीनदा ऐकलं. कुलूप लावणाऱ्यानं ते ऐकलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही भोरला गेलो.

"सर, कपाटातलं पुस्तक द्या. इथंच बसून फोटो काढणार आहोत."

"बाई, हिला सांगा—"

"माझ्याशी बोला."

मी कलमाचा कागद टेबलावर ठेवला.

"मी वर तक्रार करीन," ते म्हणाले. मला म्हणाले.

"करा. कलम लिहून आणलंय. तेही जोडा."

कपाट उघडल्याचा आवाज झाला. पुस्तक टेबलावर पडलं. पानं मी उलटली, फोटो आईनं काढले. "आगं, हात काढ, तुजं बोट येतंया फोटूत," असं ती दिवसभर ओरडत होती.

वेल्ह्याच्या एक ताई हीच परीक्षा देतात. त्यांनाही दिसत नाही. त्यांचा फोन आला. "तुमचं पुस्तक बोलतं म्हणे?" मोबाईलनं फोटोंतली अक्षरं ओळखून केलेली फाईल मी त्यांना पाठवली. पहिल्या पानावर लिहिलं आहे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही प्रत मी केली. खाली माझं पूर्ण नाव आणि गाव.

तक्रार गेल्याचं कळलं. फाईल मी पुसणार नाही. अभ्यासाच्या आणखी दोन पुस्तकांना कुलूप आहे. सोमवारी त्यातलं पहिलं घेणार.