टापूवरच्या महादेवाला भारोभार गूळ

काकू गोड खात नाहीत हे मला लकडगंजात आलो त्या पहिल्याच आठवड्यात कळलं. गुळाच्या ठोक व्यापाऱ्याचं घर. खाली दुकान, वर बिऱ्हाड, जिन्यालासुद्धा गुळाचा वास, आणि घरची मालकीण चहा पिणार तो बिनसाखरेचा. मला वाटलं, शुगर असणार. मग मी त्यांच्या शुगरची काळजी करायला लागलो. काळजीला मला कारण लागतंच असं नाही, पण मिळालं की बरं पडतं.

मी कोल्हापूरकडचा. सहावीत शाळा सोडली आणि गुऱ्हाळावर लागलो. पुढं गुळाच्या ट्रकबरोबर नागपूरला आलो तो इथंच राहिलो. काकांनी दुकानात काट्यावर बसवलं, आणि काकूंनी पहिल्या दिवशीच ताट वाढून विचारलं, "एवढंसंच खाता? घरी कोणी रागावते का?" परक्या मुलखात कोणी असं विचारलं की माणूस तिथलाच होतो. आज बारा वर्षं झाली, माझं वय चौतीस, तरी काकू मला "पाहुणे" म्हणूनच हाक मारतात.

तर एवढ्या उपकारांची थोडी तरी परतफेड म्हणून मी काकूंना रोज सकाळी कारल्याचा रस आणून द्यायला लागलो. चार महिने दिला. त्याही डोळे मिटून प्यायच्या. शेवटी एके दिवशी त्यांच्या मुलानं, ज्याला मी दादा म्हणतो, मला जिन्यातच अडवलं.

"पाहुणे, आईले शुगर-बिगर काही नाई. गोड सोडलं आहे तिनं. नवस आहे."

"कशाचा?"

"माझा," दादा म्हणाले आणि जरा लाजले.

मी तसाच वर गेलो. "काकू, मग तुम्ही रस का प्यायलात?"

"तुम्ही एवढ्या मायेनं आणून राहिले होते," काकू म्हणाल्या, "नाई कसं म्हणू?"

नवस असा होता. दादा जन्मले तेव्हा दीड किलोचे होते. डॉक्टरांनी मान हलवली. सावनेरच्या पुढं नदीच्या पात्रात एक टापू आहे, त्यावर महादेवाचं देऊळ. काकूंनी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या बाळाकडं बघत महादेवाला म्हटलं, हे जगू दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन, आणि तो वाहीपर्यंत गोडाचा कण तोंडात घालणार नाही.

बाळ जगलं. तेव्हाच नवस फेडला असता तर गूळ एका थैलीत मावला असता. पण पहिल्या वर्षी नदीला पूर, दुसऱ्या वर्षी काकूंच्या सासूबाई वारल्या, तिसऱ्या वर्षी काका म्हणाले सीझन आहे. आणि चौथ्या वर्षापासून दादांना भूक लागायला लागली. मग दरवर्षी काका दादांकडं बघायचे आणि म्हणायचे, "यंदा थोडा जास्तच झाला. पुढच्या साली उतरला की नेऊ." दादा काही उतरले नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही.

मग दादांचं लग्न ठरलं. साखरपुड्यात होणाऱ्या विहीणबाईंनी काकूंच्या हातावर पेढा ठेवला. काकू तो मुठीत धरून तासभर बसल्या आणि घरी आल्यावर तो मला दिला. त्या रात्री जेवताना त्या काकांना म्हणाल्या, "लग्नात त्या बाई सगळ्यांसमोर माझ्या तोंडात घास घालतीन. तो मी परत करीन का? पोराले हळद लागायच्या आधी नवस फेडा."

लग्न येत्या गुरुवारी. महादेवाचा वार सोमवार, आणि मध्ये सोमवार एकच. काकांनी पंचांग बघितलं, दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पाहुणे, काट्यावर घ्या याले."

दुकानाच्या मोठ्या काट्यावर दादा उभे राहिले. पोट आत ओढून धरलं होतं. पोट आत ओढल्यानं वजन कमी होत नाही, हे बीकॉम झालेल्या माणसाला मला सांगावं लागलं. एकशे सोळा किलो. काका म्हणाले, "दहाच्या बारा भेल्या काढा. एकशे वीस. चार किलो देवाले वरून." आमच्याकडं गुळाचा रवा म्हणतात, इथं भेली. मी बारा मोजल्या, पोत्यांत भरल्या आणि टेम्पोत चढवल्या.

सोमवारी सकाळी निघालो. काका-काकू पुढं, मी आणि दादा मागं गुळाजवळ. नवस फिटेपर्यंत दादांना उपास होता, काकूंची तशी सक्त ताकीद होती. सावनेरात काका बेलफुलं घ्यायला थांबले तेवढ्यात दादा टेम्पोतून खाली.

"कुठं?"

"तोंड धुऊन येतो."

तोंड धुवायला ते तर्री-पोह्याच्या गाडीवर गेले. तीन प्लेटा. वरून चहा. ओठांची तर्री पुसत परत आले आणि म्हणाले, "आईले नका सांगू बरं. पोह्याचं काय वजन असते?"

नदीवर आलो. पाणी बघितलं आणि मी काठापासून चार पावलं मागं सरकलो. मला पोहता येत नाही. पण काकांनी बारा वर्षांपूर्वीच गृहीत धरलंय की पंचगंगेकाठचा माणूस मासाच असणार, आणि मी कधी नाही म्हटलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोण कशाला नाही म्हणतं? डोंगेवाल्यानं आधी गूळ नेला, मग आम्हा तिघांना. दादा पाय टाकणार तर त्यानं हात आडवा केला. "तुम्ही थांबा भाऊ. तुम्हाले एकट्याले नेतो. देवाले गूळ पाह्यजे, डोंगा नाई."

टापू म्हणजे काळ्या खडकाचा तुकडा. वर बुटकं देऊळ, समोर उंबर, आणि उंबराच्या फांदीला साखळदंडानं बांधलेला लाकडी तराजू, माणूस मांडी घालून बसेल एवढी पारडी. पुजारी महाराजांनी नियम सांगितला. "पारड्यात फक्त गूळ, बाकी काही नाई. आणि एकदा बसला की काटा बरोबरीत आल्याशिवाय खाली उतरायचं नाई. उतरला तर नवस तसाच राह्यला. मग या पुढच्या सोमवारी."

पुढच्या सोमवारपर्यंत वऱ्हाड घरीसुद्धा पोचलेलं असणार. काकूंनी हात जोडले. दादा पारड्यात बसले. पारडं धप्पकन जमिनीला टेकलं.

मी भेल्या ठेवत गेलो. पाच. आठ. दहा. अकरा. दादा हलले नाहीत. बारावी ठेवली. दादांचं पारडं जमिनीवरून एका बोटानं वर झालं, विचार केला आणि परत टेकलं.

 आणि मग मला कळलं.

दहाची भेली दहा किलोची नसते. ते तिचं नाव आहे. गुऱ्हाळावर ती दहाच्या साच्यात पडते, म्हणून दहाची. मग वाळते, कडा झिजतात, कधी साडेनऊ भरते, कधी सव्वानऊ. त्यात फसवाफसवी काही नाही, विकताना आम्ही प्रत्येक भेली तोलूनच देतो. नवं गिऱ्हाईक आलं की मी स्वतः सांगतो, "दहा म्हणजे दहा धरू नका, काटा बघा." बारा वर्षं सांगत आलोय. आणि काकूंच्या तीस वर्षांच्या नवसाला मी बारा भेल्या तोलल्या नव्हत्या, मोजल्या होत्या.

"किती भेल्या आणल्या गा?" काकांनी विचारलं.

"बारा."

"वजन किती?"

"बारा," मी म्हणालो.

काकांनी डोळे मिटले. तेही त्याच धंद्यातले, त्यांनाही त्याच क्षणी कळलं असणार.

"अहो, आता कसं?" काकूंचा आवाज बारीक झाला होता. त्या इतक्या लहान झालेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

"गूळ वाढत नाई तर पोट्ट्याले कमी करा," काका म्हणाले. "काढ बे खिसे."

दादांनी बसल्याबसल्या खिसे रिकामे करायला घेतले. पाकीट, फोन, गाडीची किल्ली, घराची किल्ली, पॉवर बँक, कंगवा, आणि एक अख्खं संत्रं. "हे कधी घेतलं रे?" "असंच, आई." मग बेल्ट. मग कडं. मग शर्ट. मग काकू म्हणाल्या, "महाराज, जरा तिकडे पाहा," आणि दादांनी पँट काढून माझ्याकडं फेकली. हाफ पँटवर मांडी घातलेले दादा एखाद्या नवीनच देवासारखे दिसायला लागले.

नेमका तेव्हा माझ्या हातातला त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. होणाऱ्या वहिनींचा. मी बंद करायला गेलो आणि घाबरून भलतंच बटण दाबलं.

"अगंबाई," फोनमधून आवाज आला.  मग, "हे काय करून राहिले तुम्ही?"

"नवस," दादा दोन्ही हात छातीवर घेत म्हणाले.

"झाडाले टांगून?"

"पाहुणे, बंद करा नं तो फोन!"

वहिनी हसत होत्या की रडत होत्या ते कळायच्या आत मी फोन पँटीत गुंडाळला.

एवढं करूनही कमी पडतच होतं. महाराज नजरेनंच मापून म्हणाले, चार किलो लागतीन. पलीकडच्या काठाला गाव होतं, गावात किराण्याचं दुकान असणार. काकांचे गुडघे दुखतात. काकू लेकाला सोडून हलणार नव्हत्या. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"जा गा, तुम्ही तर पोहतही जासान," काका म्हणाले.

डोंग्यात बसलो आणि दोन्ही हातांनी डोंगेवाल्याचा पाय धरला. मधोमध आल्यावर तो म्हणाला, "पाय सोडा नं भाऊ, वल्हवता येत नाई." मी सोडला नाही. "काहून एवढे घाबरून राहिले?" "मला पोहता येत नाही," मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, वल्हं ठेवलं, धोतर खोचलं आणि डोंग्यातून खाली उतरला. पाणी त्याच्या मांडीपर्यंत होतं. उरलेली नदी तो डोंगा हातानं ओढत चालत गेला आणि मी आत बसून राहिलो, कारण आता उतरणं जास्त लाजिरवाणं होतं.

दुकानात साडेचार किलो गूळ निघाला. मी दोनदा तोलायला लावला, मग पारडी बदलून तिसऱ्यांदा. दुकानदार वैतागला. "गूळ घेऊन राहिले का सोनं?"

परत आलो तर दादा पारड्यात केळं खात होते. शेजारी चार सालपटं. दर्शनाला आलेल्या बायका प्रसाद वाटत होत्या आणि पारड्यातल्या माणसाला आधी देत होत्या.

"काकू, हे काय?"

"प्रसादाले नाई म्हणता येत नाई, पाहुणे," काकू रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मी तोंड दाबून धरू का त्याचं?"

मी सगळा गूळ पारड्यात टाकला. दादांचं पारडं उठलं. बायका "हर हर महादेव" म्हणायला लागल्या. पारडं वर, वर, आणि बरोबरीला चार बोटं बाकी असताना थांबलं. तिथंच थरथरत राहिलं.

तेव्हा काका खाली बसले. गुडघे दुखणारे काका, खडकावर, उकिडवे. त्यांनी रिकामी पोती उलटी केली आणि आत चिकटलेला गूळ नखांनी खरवडायला घेतला. दुकानात पोत्याला लागलेल्या गुळाकडं त्यांनी कधी ढुंकून बघितलेलं नाही. माणसं, मुंग्या, मी, सगळे बघत होतो. त्यांनी मूठभर चुरा गोळा केला, पारड्यात ठेवला, आणि बोटं पारड्याच्या कडेला पुसली.

काटा सरळ झाला.

"झालं!" महाराज ओरडले.

"जरा झुकू द्या," काका सवयीनं म्हणाले. "गिऱ्हाइकाले आपण—"

"उतर रे!" काकू कडाडल्या. दादा झटकन उतरले, गुळाचं पारडं धाडकन आदळलं, आणि एक भेली गडगडत देवळाच्या पायरीवर जाऊन स्वतःच नंदीसमोर थांबली.

महाराजांनी देवापुढं गूळ ठेवला, त्यातला एक खडा फोडून काकूंच्या हातावर दिला. दादा पँट शोधायचे थांबले. काकूंनी खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. जबडा हलत नव्हता.  मग डोळ्यांतून पाणी आलं आणि गाल हळूहळू हलायला लागला.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या पायांशी वाकलो. "काकू, माझ्यामुळं आज तुमचा नवस हुकत होता. मी भेल्या तोलल्याच नव्हत्या, नुसत्या मोजल्या. आणि दादांनी सावनेरात पोहे खाल्ले ते मला माहीत होतं. तीन प्लेटा. आणि मला पोहता पण—"

काकूंना काहीतरी बोलायचं होतं. भुवया वर गेल्या, बोट माझ्यावर रोखलं गेलं, मग दादांवर. पण तोंडात गूळ होता आणि तो थुंकायची किंवा घाईनं गिळायची त्यांची बिलकूल तयारी नव्हती. त्यांनी रागानं दुसरा खडा फोडला, चांगला मोठा, आणि मी पुढचं काही बोलायच्या आत माझ्या तोंडात कोंबला. मग आम्ही दोघं उंबराखाली बसून चघळत राहिलो, आणि काका दादांना तीन प्लेटांबद्दल काय काय बोलत होते ते ऐकत राहिलो.