जतच्या सफरचंदाची झडती

आमच्या सुभेदारांनी, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्याने, कराडजवळचा एकरभर ऊस मोडून सफरचंद लावायचं मनावर घेतलं, आणि मी जतला जायचं ठरवलं. हे खूळ डोक्यात घातलं होतं चन्नाप्पाने. तो यांच्या पलटणीतला जुना दोस्त, जतजवळ वस्तीवर राहतो. रोपंही तोच देणार होता. जिथे उन्हाळाभर टँकरची वाट बघतात, तिथे म्हणे याची सफरचंदाची बाग! बाजारातून पेटी आणायची, फळांवरचे स्टिकर खरवडायचे, की झाली बाग, असं माझं पक्कं मत होतं.

संशयाला आणखी एक कारण होतं. हिमाचलात असताना दोघे सायडर करायला शिकले, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. कृती दोघांची एकच म्हणे. पण चन्नाप्पाची बाटली उघडली की स्वयंपाकघरभर वास सुटतो आणि जीभ गोड होते. आमच्या बरणीतलं मात्र आंबट, पातळ, बाटली विसळलेल्या पाण्यासारखं. मी एकदा त्यात गूळ घातला, तर ते आणखीच आंबट आणि कडक झालं!

"तो काहीतरी हातचं राखून सांगतोय तुम्हाला," मी म्हटलं.

"चन्ना खोटं बोलायचा न्हाई," एवढंच उत्तर.

जो कृतीत फसवतो तो रोपांत फसवणार नाही कशावरून? आम्हाला जमीन आहे ती तेवढीच.

जूनमध्ये फळ तयार होतं म्हणून तेव्हाच निघालो. कराडहून पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि खिडकीतून येणारी गरम हवा. मिरजेत पोहे खाल्ले. तिथे सुभेदार "आलोच" म्हणून एका औषधाच्या दुकानात गेले आणि कागदी पुडी खिशात घालून परतले. काय आणलं विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटीचं." तंबाखू पुन्हा सुरू झाली की काय, म्हणून मी पुढचे दहा किलोमीटर वास घेत बसले होते.

कवठेमहांकाळच्या पुढे ऊस संपतो, द्राक्षाचे मांडव मागे पडतात आणि बोडक्या माळावर मेंढरं दिसू लागतात. पाणी घरूनच भरून घ्या. नागज फाट्याला चहा प्यायलो. मी चहावाल्याला मुद्दाम विचारलं, जतकडे सफरचंद पिकतं का हो?

"कुसळं पिकत्यात, ताई," तो म्हणाला. "सफरचंद दवाखान्यात जाताना घेत्यात आमच्याकडं."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते चहाला फुंकर मारत होते.

वस्तीवर चन्नाप्पाच्या बायकोने, महादेवीने, कानडीत "बर्री, बर्री" (या, या) करत पाणी दिलं. मी मात्र चप्पल न काढता थेट बागेत घुसले. शेततळं, ठिबक, वर हिरवी जाळी, आणि खाली खरोखर फळं! लहान, पिवळट, एका गालावर लाली. तरी मी फांदी वाकवून देठ ओढून पाहिला. कुठे दोऱ्याने बांधलंय का, कोण जाणे.

"झाडालाच आलंय, वहिनी," चन्नाप्पा मागून हसत म्हणाला. "पर तुमी ओढून बघा अजून."

एक तोडून खाल्लं. आंबूस, करकरीत. बागेपुरती मी हार मानली, पण कृतीचा निकाल अजून लागायचा होता.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं. जेवण झाल्यावर सुभेदार महादेवीबरोबर मेंढरं बघायला गेले आणि मी चन्नाप्पाला चुलीपाशी गाठलं.

"हितलं आंबूस फळ अन् बाजारातलं गोड, निम्मं निम्मं घ्यायचं," तो सांगू लागला. "सालीसकट किसून रातभर झाकून ठिवायचं. वास सालीत असतोय. मग पिळायचं अन् यीस्ट घालायचं. त्ये साखर खाऊन दारू करतंय. तुमी गूळ घातला, त्यो बी खाल्ला त्येनं. मग कडक न्हाई तर काय हुणार?"

"मग गोडवा राहतो कसा?"

"त्येचं खाणं थांबवायचं. जिभंला गोड लागतंय तवरच भांडं फ्रिजात. गारठ्यात यीस्ट झोपतंय. गाळ सोडून वरचं काढायचं, अन् पिताना थोडा ताजा रस घालायचा. झाकण गच्च लावून भाईर ठिवू नका, बाटली फुटंल."

(घरी करून बघणाऱ्यांनी आधी आपल्याकडचा कायदाही विचारून घ्यावा.)

"आणि हे थांबवायचं तुम्ही सुभेदारांना सांगितलंच नाही," मी चोर पकडल्यासारखी म्हणाले.

"सांगितलं की, पयल्याच बारीला. ते म्हणले, समदी साखर खाऊ दे त्येला. मला शुगर हाय, गोड चालत न्हाई." मग त्याने माझा चेहरा पाहिला. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

इतका वेळ मी भलत्याच माणसाची झडती घेत होते.

परतताना मिरजेत ते औषधाचं दुकान दिसलं आणि पुडीतली 'ॲसिडिटी' कसली ते कळलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"पलटण सोडायच्या आदीपास्नं."

"आणि ऊस कशाला मोडायचाय?"

त्यांनी गाडी कडेला घेतली. "शुगरनं पायाला लागल्यालं कळत न्हाई गं आता. मागं तोडल्या उसाचं टोक घुसलं व्हतं. रगात दिसल्यावर समजलं. तू रडशील म्हणून बोललो न्हाई."

मी रडलेच, आणि रागाने तोंडाला येईल ते बोललेही. परक्या माणसाला ठाऊक आणि घरच्या बाईला नाही!

या सहलीला एका टाकीचं पेट्रोल आणि पोह्यांचे पैसे लागले. चन्नाप्पाने काही घेतलं नाही, उलट रोपं दिली. उसाचा पाव एकर मोडून ती लावली आहेत. जगतील का, अजून शंका आहे. डॉक्टरांकडे आता मी सोबत जाते. आंबट असली तरी ती दारूच, असं त्यांनी ठणकावल्यावर सुभेदारांची बरणी बंद झाली. मी माझ्यापुरतं छोटं भांडं केलं, चन्नाप्पाच्या पद्धतीने. छान गोड झालं, पण एकटीने पिववलं नाही.

शेतातून आल्यावर सुभेदार रोज सांगतात, "काय न्हाई लागलं." माझा विश्वास नाही. मी चष्मा लावते, त्यांचा पाय मांडीवर घेते आणि एकेक बोट उघडून बघते.