फॉर्म शिवानीचा, वय माझं

माझ्या हातून काय घडलं ते मीच सांगून टाकते, कारण कारखान्यातल्या पद्माक्कांनी सांगितलं तर त्यात त्या पदरची आणखी चार माणसं घालतील. चहा घ्या आणि ऐका. हसायचं तर शेवटी हसा.

मी पेठेत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावते. शिक्षण सातवी, पण फॉर्म भरण्यात आमच्या गल्लीत माझ्यासारखी दुसरी बाई नाही. रेशनचा, बँकेचा, लसीकरणाचा, बायका माझ्याकडून भरून घेतात. खाडाखोड म्हणून नाही. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला अडाणी समजणार नाही.

तर आमच्या शेठनी यंदा नवीनच काढलं. आधी दिवाळीला स्टीलचा डबा द्यायचे, मग विमा उतरवला, आणि आता म्हणे मनाचं पॅकेज. पुण्याची कंपनी. कामगाराला काळजी वाटली, झोप लागेनाशी झाली, की मोबाईलवर समुपदेशक मॅडमशी बोलायचं. मराठी, कानडी, तेलुगू, जी पाहिजे ती भाषा. मोठी गिऱ्हाइकं हल्ली ऑर्डर देण्याआधी विचारतात म्हणे, कामगारांच्या मनासाठी काय करता? पूर्वी बिचारी नुसती शिलाई बघायची.

कंपनीची एक मुलगी येऊन सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून गेली. जाताना म्हणाली, "ताई, ज्या काळजीनं तुमचं कामात लक्ष लागत नाही, ती काळजी आमच्याकडं द्या."

माझी काळजी एकच. शिवानी, साडेतीन वर्षांची. बालवाडीत घातल्यापासून रोज रडणं, जेवण बंद, तिथं तोंडातून एक शब्द नाही. तिथल्या बाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत रुळली नाही तर घेऊन जा. आणि एकदा कुणाला तरी दाखवा." आमचे हे अकलूजला साखर कारखान्यात, घरी येणार शनिवारी. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, त्यांचे गुडघे पोरीमागं पळण्यातले राहिले नाहीत. म्हणजे पोर घरी बसली की माझं कामही सुटलं. पण त्याहून तो "दाखवा" शब्द डोक्यातून जाईना. माझ्या पोरीत काही कमी आहे की काय?

मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बसायच्या आधी ॲप उघडलं आणि फॉर्म भरला. माझं नाव आणि वय त्यात आधीच होतं. मी म्हटलं, आईचं असणारच. बालवाडीच्या फॉर्मवरही असतंय की. गेल्या साडेतीन वर्षांत मी घरचे जेवढे फॉर्म भरले ते सगळे शिवानीचे. फॉर्म म्हटलं की शिवानी, हे हाताला पाठ झालेलं.

जेवण जाते का? नाही. विनाकारण रडू येते का? रोज. स्वतःची कामे स्वतः जमतात का? नाही, भरवावं लागतं. कशाची भीती वाटते? मिक्सरची, आणि वरच्या मजल्यावरच्या अण्णांच्या मिशांची. राग आल्यावर काय करता? ताट फेकणे, चावणे. परवा आत्यांच्या मनगटाला. मन कशाने शांत होते? कार्टून लावल्यावर आणि पाठीवर थोपटल्यावर.

जवळच्या माणसाचा नंबर म्हणून आत्यांचा दिला. पाठवलं. मोबाईल नेहमीप्रमाणं पद्माक्कांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पद्माक्का म्हणजे आमच्या लाइनीच्या मुख्य. कामाच्या वेळी सगळ्यांचे मोबाईल त्यांच्या ताब्यात. मी निवांत कॉलरी लावायला लागले.

तासाभरानं दारात रिक्षा थांबली. बघते तर आत्या. घरातल्याच चपला, पदर कुठल्या कुठं.

"आत्या, तुमी हितं? शिवानीला काय झालं का?"

"शिवानी बालवाडीत हाय. तुला काय झालंय ते सांग आदी. पुण्यावरनं बाईचा फोन आला. सून बरी हाय का म्हणती, तिचा फोन लागंना म्हणती, घरात कशी वागती म्हणती."

"मग तुमी काय सांगितलं?"

"खरं ते सांगितलं की. लई चिडचिड करती म्हटलं."

तेवढ्यात ड्रॉवर वाजायला लागला. पद्माक्का मोबाईल घेऊन आल्या. "सकाळपास्नं सहा वेळा वाजलाय. घे," म्हणाल्या आणि स्वतःच स्पीकर लावून माझ्यासमोर धरला. आमच्याकडं फोन कानाला लावून बोललं की लपवतेय काय, असं होतं.

"ताई, मी समुपदेशक बोलतेय," मॅडमचा आवाज एकदम मऊ. "तुम्ही आता सुरक्षित आहात ना? जवळ कुणी आहे?"

"आख्खा कारखाना हाय मॅडम."

"बरं. हातात काही धारदार वस्तू आहे का?"

"कात्री हाय."

पद्माक्कांनी हळूच माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि पाठीमागं धरली.

"ताई, घाबरू नका. तुम्ही लिहिलंय, परवा सासूबाईंना चावलात."

एकेक मशीन बंद होत गेली. शेजारच्या रेश्मानं स्टूल लांब ओढलं.

"मला?" आत्या पुढं झाल्या. "मला तर शिवानी चावली. ही कवा चावली?"

"मॅडम, शिवानीच की. तिचाच फॉर्म भरलाय मी."

"ताई, फॉर्मवर वय सत्तावीस आहे."

आता उजेड पडला. पद्माक्कांनी मोबाईल हातात घेतला, भरलेला फॉर्म वर-खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "म्हणजे मिशांना भिणारी पण शिवानीच ना? मी म्हटलं, एवढी धडधाकट बाई आन थोपटल्याबिगर झोपंना." कारखाना जो हसला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसत होता. मॅडमही हसल्या, पण लगेच सावरून त्यांनी शिवानीचं सगळं नीट विचारलं. घरी बोलते का? गोष्टी सांगते का? खेळते का? मी सांगत गेले. घरी तर तिचं तोंड मिटत नाही. त्या म्हणाल्या, "या वयात नव्या जागी असं होतं, ताई. तरी आमच्याकडच्या मुलांच्या मॅडमशी वेळ लावून देते, घरच्यांनाही या योजनेत घेता येतं. आणि आता तुमचा स्वतःचा फॉर्म भरून टाका."

"मला काय झालंय मॅडम? मी ठणठणीत हाय."

"मग तर पटकन भरून होईल."

जेवणाच्या सुट्टीत भरायला बसले. आता फॉर्म म्हटल्यावर मी खोटं लिहीत नाही. जेवण? शिवानीनं टाकलेलं. झोप? नाही, तिचा श्वास चालू आहे का बघायला उठावं लागतं. रडू? रोज, न्हाणीत नळ सोडून. भीती? बालवाडीच्या बाईंचा फोन येईल याची. राग आल्यावर? भांडी आपटणे. मन कशाने शांत होते? इथं बराच वेळ विचार केला, मग रिकामंच सोडलं.

पाठवून डबा झाकते न झाकते तोच फोन. पद्माक्कांनी आपणहून स्पीकर लावला.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "याही वेळी मुलीचाच भरलाय का हो?"

शिवानीचं तीन वेळा बोलण्यात आटपलं. दिवाळीच्या आधीच ती बालवाडीत बडबडायला लागली, आता बाई म्हणतात जरा गप्प बसवा हिला. मला मात्र मॅडमनी अजून सोडलेलं नाही.