आंबेमोहोर दाट लावणारा डॉक्टर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पिरंगुटच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "तुमचे दादा गेले हो, वन्सं," एवढंच ती म्हणाली... त्याला आता महिना होऊन गेला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत मनोविकारांचा डॉक्टर. गावातले विचारायचे, "येड्यांचा डाक्टर हायेस व्हय?" आणि हा खुशाल "व्हय" म्हणायचा. चिडायचे ती मी. डोंगरातल्या लढाईत त्याने तोफा ऐकू येतील इतक्या जवळ तंबू ठोकला होता. अंगावर ओरखडा नाही, पण हात थरथरतायत, वाचा बसलीय, असे जवान तिथे यायचे. दादा त्यांना गरम जेवण द्यायचा, भरपूर झोपू द्यायचा, पण पेशंटचे कपडे घालू द्यायचा नाही. वर्दीच. लांब मागे धाडलं की माणूस जन्मभर स्वतःला भित्रा समजतो, असं त्याचं म्हणणं.

एक जवान आपल्या मुळशीतलाच निघाला. नाव दादाने कधीच सांगितलं नाही. तो कुणाशी एक शब्द बोलेना. वरिष्ठ म्हणाले, हा कामातून गेला, मागे धाडा. दादाने एक दिवस मागून घेतला, त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि घरच्या शेतीच्या गप्पा मारत सुटला... आंबेमोहोर भात आम्ही कसा रग्गड खत घालून दाट लावतो वगैरे. शेतकऱ्याचा मुलगा, सगळं ठाऊक असून धडधडीत खोटं बोलत होता! त्या जवानाला ते काही सोसवेना.

"न्हाई सायेब," तो अखेर बोलला, "आसा लावल्यावर आडवा पडून लोळतुया त्यो."

मग बोलतच राहिला, रडला, गाढ झोपला आणि थोड्या दिवसांनी आपल्या पलटणीत परत गेला. दादाची पदकं कपाटात पडून असायची, पण हे सांगताना स्वारी अशी खुलायची की विचारू नका.

तेराव्याला पडवीत एक निवृत्त सुभेदार उठून उभे राहिले. शेजारी त्यांचा मुलगा, तोही फौजेत, सुट्टीवर आलेला. "लढाईत माजी वाचा गेल्ती," त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. "सायबांनी भाताचं काढलं, तवा बोललो. ह्यात लाजायचं काय न्हाई." मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. मला रडू फुटलं, आणि भावाचा एवढा अभिमान वाटला की ते रडू मी पुसलंही नाही.

निवृत्तीनंतर दर रविवारी दादा त्या पडवीत बसायचा. कुणी फौजी बोलायला येई. परवाच्या रविवारी, आता कोण येणार, म्हणून वहिनी दार लावायला गेली, तर पायरीवर सुभेदार बसलेले. मुलगा खाली मान घालून बोलत होता आणि ते ऐकत होते. वहिनीने दार उघडंच ठेवलं.