बिलाच्या आधीचा घास

माझी मुलगी तीन वर्षांची असताना ताप तिच्या डोक्यात गेला. अकोल्याच्या दवाखान्यात ती वाचली, पण तिथे असेपर्यंत तिचं सगळं जेवण नाकातल्या नळीतूनच चाललं होतं. नळी निघाली, आम्ही वाशिमजवळच्या आमच्या भाजीच्या वावरात परत आलो, आणि पोरीने तोंड मिटून घेतलं. चमचा दिसला की किंचाळायची. वाटी वाजली तरी पलंगाखाली शिरायची. झोपेत बाटलीने दूध पाजायचं, तेवढंच काय ते पोटात जायचं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की वजन आणखी उतरलं तर पुन्हा नळी. सासूबाई तिला मंगरूळपीरच्या दर्ग्यावर घेऊन गेल्या, पोहरादेवीला नवस बोलल्या. मी तिच्यासमोर बसून जेवायची, मांजराला भरवायची. ती भिंतीकडे तोंड करायची. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायच्या, म्हणून ते कामही मी सासूबाईंवर टाकलं. माझ्याने होत नव्हतं.

एका दुपारी साबण-डाळ घ्यायला मी तिला घेऊन गावातल्या मार्टमध्ये गेले. तिला ट्रॉलीत बसवलं होतं. मी डाळीकडे वळले, आणि मागून कुर्रकन आवाज आला.

तिने पोंग्यांचं पाकीट दातांनी फाडलं होतं. ते पोकळ, कुरकुरीत पोंगे अंगठीसारखे बोटांत घालून एकेक खात होती. मी जागच्या जागी थिजले. आपण पाहिलं हे तिला कळलं तर ती थांबेल, या भीतीने मी डाळीच्या पाकिटांकडेच बघत राहिले.

तेवढ्यात तिथे काम करणारी एक मुलगी आली. "ताई, बिल व्हायच्या आधी खाता येत नाई. काढून घ्या तिच्या हातातून."

मी त्या काम करणाऱ्या मुलीचंच मनगट धरलं. "बोलू नको माय. पाया पडतो तुह्या. खाऊ दे तिले."

ती घाबरली असावी. बाजूला झाली. पोरीने अर्धं पाकीट संपवलं. काउंटरवर फाटकं पाकीट दाखवून मी पैसे दिले.

तेच पोंगे मी घरी आणून तिच्यासमोर ठेवले. तिने हाताने उडवून लावले. मी ते तिच्या बोटांत घालून पाहिले, तर घर डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मार्टमध्ये. तिने पुन्हा खाल्लं. मग रोजच जाऊ लागले. ट्रॉली हळूहळू ढकलायची, काही बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. पोंग्यांवरून ती टोस्टवर आली, मग केळ्यावर. घरी मात्र पाण्याचा घोटसुद्धा नको.

"रोज तिथंच न्यायचं काय तिले?" पोरीचे बाबा वैतागून म्हणाले. "लोकं हासून राह्यले आपल्याले."

"हासू द्या. पोट्टी जगली पायजे," मी म्हणाले.

मग मार्टच्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "ताई, तुमी पैसे देता, मले मालूम हाय. पण तुमचं पाहून बाकीचेबी पोराईले खाऊ घालून राह्यले. मालक मलेच बोलते." मी सगळं सांगितलं. नळीचं, वजनाचं, पलंगाखाली शिरण्याचं. तो म्हणाला, "दुपारी गर्दी नसते. तवा येत जा."

काही दिवस असे निघाले. मी ओढणीखाली मऊ वरणभाताचा डबा लपवून नेऊ लागले. वाटलं, इथे खाते तर भातही खाईल. पण एक दिवस खुद्द मालक दुकानात होते. दारावरच्या माणसाने डबा पकडला.

"हे दुकान हाय का दवाखाना?" मालक सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्यापासून पोरीले आणू नका."

मी पायऱ्यांवरच बसले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. पोरगी माझ्या मांडीवर होती, आणि मला तिचं वजनच जाणवत नव्हतं. मी रडले, मोठ्याने, लाज सोडून. कोणी थांबलं नाही.

त्यानंतर तिने काहीच घेतलं नाही. झोपेतली बाटलीही जिभेने ढकलू लागली. अकोल्याला जायचं ठरलं. मी पिशवी भरली. दवाखान्यात घालायच्या कपड्यांच्या घड्या करताना तिच्या नाकाला नळीची चिकटपट्टी लावलेली मला दिसत होती, आणि मी त्याच त्या घड्या मोडत होते, पुन्हा घालत होते.

बाहेर चाकांचा आवाज आला. पोरीच्या बाबांनी भाजी वाहायच्या हातगाडीवर प्लॅस्टिकचं कॅरेट ठेवलं होतं आणि त्यात पोरीला बसवलं होतं. बाजारात न्यायला काढलेला माल शेडमध्ये रचलेला होता. त्याच्या मधून ते गाडी हळूहळू ढकलत होते, मी मार्टमध्ये ढकलायची तशी. त्यांनी मला कधी पाहिलं होतं, कोण जाणे.

"काय घेतं, माय?" त्यांनी पोरीला विचारलं, आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

तिने वाकून एक काकडी उचलली. बराच वेळ ती नुसती हातात धरून बसली. मग चावली. थुंकली. पुन्हा चावली. या वेळी गिळली.

मी दाराची चौकट धरून उभी होते. ह्यांनी मला हाताने खूण केली, जवळ येऊ नको म्हणून. त्यांचे डोळे भरून आले होते.

अकोल्याला आम्ही गेलोच. वजन वाढलेलं नव्हतं. पण ती स्वतःच्या हाताने काकडी खाते म्हटल्यावर डॉक्टरांनी आणखी थोडी मुदत दिली. ती मुदत आम्ही त्या हातगाडीवर काढली. ऊन उतरलं की गाडी काढायची. भेंड्यांच्या ढिगाजवळ भाकरीचा तुकडा ठेवायचा, टमाट्यांजवळ भाताची वाटी, आणि आपलं लक्षच नाही असं दाखवायचं. कधी उचलायची, कधी नाही. नाही उचललं त्या दिवशी आम्हा दोघांनाही घास उतरायचा नाही.

आता ती शाळेत जाते. जेवते, पण फार सावकाश, आणि वाढून घेते ती स्वतःच्याच हाताने. अजूनही एखाद्या दिवशी ताट बाजूला सारून म्हणते, "मले नाई पायजे." मी बरं म्हणते, उठून कामाला लागते, आणि स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहून तिच्या चावण्याच्या आवाजाची वाट बघते.