माप मशीनला सांगायचं

कामतघर वस्तीत सुमनकाकीचं शिलाईचं दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. त्या खडखडाटात काकी सगळं ओरडूनच बोलायची, अगदी कुणाचं लग्न मोडलं तेसुद्धा. पण बाईच्या कमरेला टेप लावली की एकदम गप्प. आकडा बघायचा, वहीत लिहायचा, वही पालथी घालायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माप मशीनला सांगायचं, बाय. बाईला न्हाय."

जुळी झाल्यावर माझं पोट ओघळलं. व्यायामाने वजन उतरलं, पण सैल कातडी तशीच लोंबत राहिली. घडीखाली पुरळ उठायचं. काल्हेरच्या गोदामातल्या ऑफिसात मी दिवसभर ओढणी पोटावर धरून बसायची. दोन वर्षं काकीकडे माप द्यायलाही गेले नाही.

शेवटी ठाण्याच्या एका सर्जनना दाखवलं. त्यांनी कागदावर चित्रं काढून समजावलं. लायपोत, म्हणजे लायपोसक्शनमध्ये, नळीने फक्त चरबी निघते, कातडी तशीच राहते. टमी टक म्हणजे पोटाची सैल कातडी कापून घट्ट करायचं ऑपरेशन. त्यातल्या मिनीत छोटा छेद देऊन बेंबीखालची कातडी काढतात. फुल टमी टकमध्ये या कुशीपासून त्या कुशीपर्यंत छेद, आतले फाकलेले स्नायू शिवायचे, बेंबी नव्या जागी बसवायची. "तुमचं बेंबीच्या वरही सैल आहे," ते म्हणाले, "विचार करून सांगा." माझ्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की मिनीत छेद छोटा आणि सुट्टी कमी.

ऑपरेशननंतर घालायला सैल गाऊन हवे म्हणून काकीकडे गेले आणि मिनीच करणार म्हणून सगळं सांगून टाकलं. तिने माझ्या अंगावरचा ढगळ कुर्ता खालून मुडपून टाचण्या लावल्या आणि मला आरशासमोर उभं केलं. "वरचा झोळ गेला काय? न्हाय ना? आनि आतलं अस्तरच सुटलंय, तर वरचं कापड बसंल कसं?"

"पण काकी, केवढा लांब छेद!"

"परकराच्या नाडीखाली जाईल तो. मी शिंपीन हाय, डाक्टर न्हाय. त्यांनाच परत इचार. पन सुट्टी वाचवायला ऑपरेशन निवडू नको."

विचारलं. सर्जननीही फुलच सुचवलं, आणि मी ते केलं. सहा आठवडे वजन उचलायचं नव्हतं. काकी रोज दुपारी दुकान बंद करून यायची, जुळ्यांना झोपवायची आणि परत जायची. मला फार रडू यायचं तेव्हा. सख्ख्या माणसांनीही इतकं केलं नव्हतं.

काही महिन्यांनी ब्लाउज, परकर शिवायला गेले. टेप कमरेला लागली तशी मी उड्याच मारल्या. "काकी, आज आकडा मोठ्याने सांग! लूमवाल्यांनाही ऐकू दे!"

काकीने बाकड्याकडे पाहिलं. तिथे एक बाई पर्स दोन्ही हातांनी पोटावर घट्ट धरून बसली होती. काकीने आकडा लिहिला, वही पालथी घातली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तिचं माप घ्यायचंय अजून."

मी पुन्हा विचारलं नाही. काकी जाऊन आता वर्ष होईल. त्या दिवशीचा आकडा मला अजून माहीत नाही.