कबरीच्या पायांतलं घर

बैलगाडी पिंप्राळ्याच्या वाटेला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, आमची मांजर कबरी घरातच राहिली. गल्लीत उंदीर मरून पडू लागले होते. प्लेगला भिऊन माणसं जळगाव सोडत होती, शेतांत झोपड्या बांधून राहत होती. आबा गाडी हाकत होते, माय डोळे मिटून बसली होती. मी काही बोलले नाही.

यमुअक्का, तू जळगावहून दर पत्रात विचारतेस, जळगाव तुझं, मग एकदाही का येत नाहीस? आपण चुलत बहिणी, पण हे मी तुलाही कधी सांगितलं नाही.

कबरी आणि मी एका वयाच्या. मी पाळण्यात असताना आबांनी ते पोरकं पिल्लू सदऱ्यात घालून आणलं आणि मायने कापसाची वात दुधात बुडवून त्याला चोखायला दिली. कबरी भरात होती तोवर आमच्या कोठीत उंदीर टिकला नाही. व्यायची ती मायच्या गोधडीतच, मग माय आठवडाभर नुसत्या जमिनीवर निजायची. मी बारा वर्षांची, परकरात, तोवर ती म्हातारी झाली. दात पडले, दिसेनासं झालं, अंग चाटणंही सुटलं. माय तिला ओल्या फडक्याने पुसायची, भाकरी दुधात कुस्करून बोटाने भरवायची. तरी घरात ती कुठे अडखळत नसे.

झोपडीतल्या दुसऱ्या दिवशी माय पाण्याला गेली तेव्हा मी म्हटलं, "आबा, कबरी तठेच राहिनी. ती उपाशी मरी जाई."

"उद्या जासू, लई येसू तिले," आबा म्हणाले.

त्यांनी तिला टोपलीतून आणलं. चार दिवसांनी त्यांना ताप भरला, काखेत गाठ आली. आठवड्यात आबा गेले.

मामा आम्हाला धुळ्याला न्यायला आला. टोपली पाहून मायला म्हणाला, "अक्का, हाई मांजर सोडी दे अठेच."

"बठ्ठं गयं, घर बी, माणूस बी. ती राहू दे," माय म्हणाली.

धुळ्याच्या खोलीत कबरी चालू लागली ती जळगावच्या घरात चालायची तशीच. दारापासून आठ पावलं, मग उजवीकडे. जळगावला तिथे स्वयंपाकघर होतं, इथे भिंत. ती डोकं आपटून मागे सरायची, पुन्हा तिकडेच जायची. मग खोलीच्या मधोमध, जिथे काहीच नव्हतं तिथे, अंग घासल्यासारखं करायची. जळगावला तिथे खांब होता, आबा त्याला टेकून बसत. आम्ही दोघी नुसत्या बघत राहायचो. मायने भिंतीला गोधडीची घडी लावून ठेवली, तिचं डोकं दुखू नये म्हणून. वर्षभर हे चाललं. शेवटी कबरी उठेनाशी झाली, तेव्हा मायने तिच्या तोंडात पुन्हा दुधाची वात पिळली.

माझं लग्न धुळ्यातच झालं, मुलं झाली. सासरी भरदुपारी कामात असताना मी कधीकधी आठ पावलं टाकून उजवीकडे वळे आणि भिंतीसमोर उभी राही. आबांना मी पाठवलं होतं. मायने मुकाट्याने त्या मांजरीला भरवणं मला शिक्षेसारखं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात माय माझ्याकडे होती. शेवया करता करता माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, आबाले मीच धाडं व्हतं. कबरीसाठी."

तिच्या हातातली शेवई तुटली. मान वर न करता ती म्हणाली, "मी बी सांगेल व्हतं त्यासले, कबरीले लई या. तुना आधी." मग तुटलेली शेवई बाजूला ठेवत, "माले वाटे, तुले माहीत शे. म्हणीसन तू गप राहस."

शेवया तशाच राहिल्या. ऊन चढेपर्यंत आम्ही आबांबद्दल बोलत बसलो. ते खोटं खोटं कसे रागवायचे, बैलांशी काय काय बोलायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जळगावला मी येईन, यमुअक्का. दिवाळीनंतर, चार दिवस, पाहुणी म्हणून. परवा शेजारी नवं बिऱ्हाड आलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" आजवर मी जळगाव सांगत आले. या वेळी धुळं म्हणाले.